दप्तर उघडत नाही, पण संकटाची बॅग रोज तपासतो

पत्र

ताई, आम्ही नागपूरला अंबाझरी तलावाच्या खालच्या अंगाला, नाल्याजवळ राहतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे आमच्या घरात कमरेएवढं पाणी शिरलं. शेजाऱ्यांच्या गच्चीवर आम्ही उजाडेपर्यंत बसून होतो. मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता. आता त्याला चौदावं लागलंय, आठवीत आहे. वाचन फार कच्चं. अडखळतो, मधली ओळ सोडून देतो, जोडाक्षर आलं की अंदाजाने काहीतरी म्हणून मोकळा होतो. शाळेत गेले की दरवेळी हेच ऐकून येते. गोष्टींची पुस्तकं आणून पाहिली, त्याने हात लावला नाही. मागच्या महिन्यात रद्दी काढताना प्रथमोपचार आणि संकटाच्या तयारीचं एक जुनं पुस्तक निघालं. ते त्याने उचललं आणि तेव्हापासून सोडत नाही. पलंगाखाली एक बॅग भरून ठेवली आहे. तीत टॉर्च, दोरी, बिस्किटं, आधार कार्डांच्या झेरॉक्स, आणि हे पुस्तक. आभाळ भरून आलं की बॅग काढून पाहतो. त्याचे बाबा म्हणतात, "हे काय खूळ घेऊन बसला, धड्याचं पुस्तक वाच म्हणा त्याले." मलाही वाटतं की हे वाचून त्याच्या मनातली पुराची भीती वाढेल. पुस्तक काढून घेऊ का?
एक आई, नागपूर

उत्तर

ताई, काढून घेऊ नका. तुमचं पत्र वाचून मला आधी आनंद झाला, काळजी नंतर वाटली. ज्या मुलाने आजवर एकही पुस्तक आपणहून उघडलं नाही, त्याने एक पुस्तक स्वतः निवडलं, जपून ठेवलं, आणि घर सोडून पळावं लागलं तर सोबत न्यायच्या सामानात ठेवलं. पुस्तकाला याहून मोठा मान मी फारसा पाहिलेला नाही.

मी एकवीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. सुरुवातीच्या वर्षांत माझ्या हातून एक चूक झाली, ती अजून विसरता येत नाही. सातवीतल्या एका मुलाला वाचता येत नव्हतं, म्हणून मी त्याला वाचनाच्या तासाला पहिलीच्या पोरांचं चिऊ-काऊचं पुस्तक दिलं, सगळ्या वर्गासमोर. माझा हेतू चांगला होता, अक्षरं मोठी, शब्द सोपे. त्याने ते बाकाखाली सरकवलं आणि त्या तासाला पुन्हा कधी वर्गात दिसला नाही. त्याच्या ओठांवर नुकती लव फुटली होती आणि मी त्याच्या हातात चिमणीचं घरटं ठेवलं होतं. तेव्हा मला कळलं की कच्चं वाचणारं मोठं मूल अक्षरांना जेवढं घाबरतं, त्याहून जास्त लाजेला घाबरतं. तुमच्या मुलाला जे पुस्तक सापडलंय, त्यात ही लाज नाही. ते मोठ्या माणसांसाठी लिहिलेलं आहे. ते हातात घेऊन तो कोणासमोरही बसू शकतो.

आणि तरीही ते सोपं असतं. अशी पुस्तकं उघडून पाहा. वाक्यं चार-पाच शब्दांची. "मेन स्विच बंद करा." "दाराला हात लावून पाहा." "वाकून बाहेर पडा." प्रत्येक पानावर चित्र, आणि चित्र शोभेचं नसतं, वाक्याचा अर्थ सांगणारं असतं. शब्द अडला तर चित्रावरून तो उमगतो, आणि उमगलेला शब्द पुढच्या पानावर पुन्हा भेटतो. टोकियोच्या महानगर प्रशासनाने २०१५ साली शहरातल्या घराघरांत भूकंपाच्या तयारीचं एक पिवळं पुस्तक वाटलं. तेही असंच होतं, चित्रांनी भरलेलं, सोबत चित्रकथाही. ते लहान मुलांचं पुस्तक आहे असं तिथे कोणाला वाटलं नाही.

दुसरं कारण मला याहून महत्त्वाचं वाटतं. तुमच्या मुलाला या विषयातलं आधीच माहीत आहे. पाणी दाराच्या फटीतून कसं येतं, अंधारात टॉर्च सापडला नाही की काय होतं, हे त्याने पाहिलंय. अमेरिकेत १९८८ साली डोना रेश्ट आणि लॉरेन लेस्ली या दोन संशोधकांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचन कच्चं पण खेळ पक्का ठाऊक असलेली मुलं, वाचन चांगलं पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा ते वर्णन जास्त नीट समजून घेऊ शकली. आपल्याकडे क्रिकेटवेड्या पोराला सामन्याची बातमी देऊन पाहा, तेच दिसेल. तुमच्या मुलाचा 'सामना' पुराचा आहे. तिथे तो कच्चा वाचक नाही, अनुभवी माणूस आहे.

आता जोडाक्षर आलं की अंदाज मारतो, ओळ सोडतो, याबद्दल. गोष्टीच्या पुस्तकात अंदाज मारून निभावतं. राजा जंगलात गेला की रानात गेला, फरक पडत नाही. इथे पडतो. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो आणि घाईने वाचणारी मुलं नेमकं शेपूट गिळतात. सर्पदंशाचं पान घ्या. "दंशाच्या वर आवळून बांधू नये. जखमेवर चिरा देऊ नये. रक्त चोखू नये." यातला 'नये' गिळला तर वाचणारा बरोबर उलटं करून बसेल. किंवा घरगुती जलसंजीवनी घ्या: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. यात 'सपाट' हा शब्द आजारी पोराच्या पोटाशी संबंध ठेवून आहे. शिगोशीग मीठ पडलं तर औषधाचा अपाय होतो. त्याच्याकडून हे पाणी एकदा करून घ्या. उन्हाळ्यात तुमच्याकडे लागतंच. मीठ घेताना तो चमचा बोटाने सपाट करतो का, एवढंच बघा. करत असेल, तर त्याने तो शब्द खराच वाचला. मी वर्गात शेकडो वेळा "नीट वाच, एक शब्दही सोडू नको" म्हटलं असेल, आणि का सोडू नको याचं इतकं सरळ उत्तर माझ्याकडे कधी नव्हतं.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. त्याला "मोठ्याने वाचून दाखव" म्हणू नका. या मुलांसाठी ती परीक्षा असते आणि ते तिच्यात रोज नापास होत आलेले असतात. त्याऐवजी घरातला प्रश्न त्याच्यापुढे ठेवा आणि विचारा, "पुस्तकात काय सांगितलंय? आपण काय करायचं?" तो पान शोधेल, मनात वाचेल, कदाचित तीनदा वाचेल, आणि सांगेल. चुकीचं सांगितलं तर "कुठे लिहिलंय, दाखव ना मला" एवढंच म्हणा. मग त्याला त्याच ओळीकडे परत जावंच लागतं. तेच पान पुन्हा पुन्हा वाचल्याने वाचनाचा वेग वाढतो, हे शिक्षकांना जुनं ठाऊक आहे. अडचण एवढीच की मुलं एकच धडा पुन्हा वाचायला कंटाळतात. संकटाची रंगीत तालीम करायची असेल तर कंटाळत नाहीत.

सुरुवात स्वयंपाकघरातून करा. सिलिंडरच्या वरच्या गोल कड्याला धरून ज्या पट्ट्या असतात, त्यांतल्या एकीवर आतल्या बाजूला एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि पुढचे आकडे साल सांगतात. त्या मुदतीपर्यंत सिलिंडरची पुढची तपासणी व्हायला हवी. सिलिंडर दारात आला की ते वाचण्याचं काम त्याचं. मुदत उलटलेला असेल तर परत पाठवायचा अधिकारही त्याचा. गॅसचा वास आला तर विजेचं कोणतंही बटण चालू किंवा बंद करायचं नाही, रेग्युलेटर बंद करायचा, खिडक्या उघडायच्या, बाहेर पडून १९०६ ला फोन करायचा. हे त्याने कागदावर लिहून भिंतीला लावावं.

मग कूलर. नागपूरच्या माणसाला उन्हाळ्यात कूलर सांगायला नको, आणि कूलरचा करंट लागून दरवर्षी आपल्या भागात माणसं जातात हेही सांगायला नको. त्याच्याकडून एक पाटी करून घ्या: "पाणी भरण्याआधी प्लग काढा. ओल्या हाताने बटणाला हात लावू नका." खाली त्याची सही. शुद्धलेखनाची चूक झाली तर लाल पेन काढू नका. पुस्तकातल्या शब्दाशी ताडून पाहायला सांगा, तो स्वतः दुरुस्त करेल. पाहुणे आले की ती पाटी वाचतील. घरातलं कोणी ओल्या हाताने कूलरकडे गेलं की तो ओरडेल. ओरडू द्या.

भाषेची एक अडचण येईल, ती आधीच सांगते. सरकारी पत्रकं आणि अशी पुस्तकं जड मराठीत लिहिलेली असतात. 'विद्युतपुरवठा खंडित करा', 'निर्जलीकरण', 'स्थलांतर', 'अग्निशमन', 'प्रथमोपचार'. कच्च्या वाचकाच्या वाटेत हे मोठाले धोंडे आहेत. त्याला एक वही द्या. डाव्या बाजूला पुस्तकातला शब्द, उजव्या बाजूला घरातला. विद्युतपुरवठा खंडित करा: मेन पाडा. निर्जलीकरण: अंगातलं पाणी आटणं. स्थलांतर: जागा सोडून दुसरीकडे जाणं. शब्द फोडूनही दाखवा. प्रथम आणि उपचार, मिळून प्रथमोपचार. अग्नी आणि शमन, मिळून अग्निशमन. पाच-सहा शब्द असे फुटले की पुढचे तो स्वतः फोडू लागतो, आणि गंमत म्हणजे हेच शब्द त्याला विज्ञानाच्या आणि भूगोलाच्या पुस्तकात भेटतात. उजव्या बाजूला तो वऱ्हाडीत लिहील, लिहू द्या. शब्द कळल्याशी मतलब.

आता एक गंभीर गोष्ट, आणि ही तुम्ही याच आठवड्यात करायची आहे. पुस्तक रद्दीत निघालेलं आहे. ते कोणत्या सालचं, हे त्याला शोधायला सांगा. मुखपृष्ठाच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात असतं. हे एवढ्यासाठी म्हणते, की प्रथमोपचारातले सल्ले बदलतात. जुन्या पुस्तकांत सर्पदंशावर दोरीने आवळून बांधा, चिरा द्या असं सर्रास छापलेलं असायचं. आज ते करायचं नाही. माणसाला धीर द्यायचा, चावा बसलेला अवयव हलू द्यायचा नाही आणि लवकरात लवकर दवाखान्यात न्यायचं. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही विषारी जातींवर चालणारं औषध तिथे असतं. हृदय बंद पडलं तर छाती दाबण्याचंही तसंच. जुन्या पुस्तकात पंधरा वेळा दाबा आणि दोन श्वास द्या असं सापडेल. २००५ पासून ते प्रमाण तीस आणि दोन आहे. भाजल्यावर तूप, टूथपेस्ट लावायचा सल्ला तर अजून तोंडातोंडी चालतो. वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं.

म्हणून त्याला एक नवं पुस्तकही आणून द्या. नवं परवडत नसेल तर बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जुन्या पुस्तकांच्या दुकानांत दोघं मिळून शोधा, फक्त साल पाहून घ्या. मग त्याला काम द्या: दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवायची, एकाच विषयाची पानं उघडायची आणि कुठे काय बदललं ते वहीत मांडायचं. दोन पानं ताडून वाचणं हे वरच्या वर्गातल्या मुलांनाही जमत नाही. हा मुलगा ते करेल, कारण कोणतं पुस्तक खरं हे त्याला मनापासून जाणून घ्यायचं आहे. छापलेलं सगळंच बरोबर नसतं, हेही त्याला यातच समजेल. जुनं पुस्तक फेकू नका. ज्या पानावरचा सल्ला बदललाय, तिथे त्याला पेन्सिलने फुली मारून नवा लिहायला सांगा.

तुमची भीतीची शंका खरी आहे. ती मी हलकी समजत नाही. माझा अनुभव असा, की भीती न कळलेल्या गोष्टीची जास्त असते. त्या रात्री काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि ते पाणी नाग नदीच्या पात्रात मावलं नाही. शंभर मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटर जागेवर शंभर लिटर पाणी. त्याला तुमच्या गच्चीचं माप घ्यायला सांगा आणि त्या रात्री तिच्यावर किती पाणी पडलं असेल ते काढायला सांगा. हवामान खात्याचे रंग शिकवा. हिरवा म्हणजे निश्चिंत, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे हालचाल करा. मग नुसतं आभाळ भरून आलं म्हणून बॅग काढायची गरज उरणार नाही. रंग वाचून ठरवता येईल. आज पिवळा आहे, बॅग तिथेच राहू दे, असं तो स्वतःशी म्हणू शकला तर मोठी गोष्ट होईल.

पण एक खूण लक्षात ठेवा. पुस्तक मिटल्यावर त्याला झोप लागते का? लागत असेल, तर हे वाचन त्याला आधार देतंय. रात्री दचकून उठतो, पाऊस सुरू झाला की पोट दुखतं, शाळेत जायला नको म्हणतो, असं काही असेल तर पुस्तकाला दोष देऊ नका आणि वाटही पाहू नका. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं. आणि पुराचे फोटो, मोबाइलवर फिरणारे वाहून जाणाऱ्या गाड्यांचे व्हिडिओ वाचनाची गोडी लावण्यासाठी म्हणून त्याच्यापुढे ठेवू नका. मूल घाबरतं, वाचत मात्र नाही.

त्याच्या बाबांना एवढंच सांगा की धड्याचं पुस्तक सुटणार नाही. वेगळी वाट धरून तिथेच जायचं आहे. शक्य झालं तर त्यांनाच यात ओढा. मेन स्विच कुठे आहे, कसा पाडायचा, हे बाबांनी मुलाला दाखवावं आणि मुलाने पुस्तकातलं पान बाबांना दाखवावं. ज्या घरात बाप पोराला विचारतो, "काय लिहिलंय बे त्यात, सांग बरं", त्या घरात वाचनाला वेगळीच किंमत येते.

गोष्टींकडे तो वळेल का, ही चिंता तुमच्या मनात असणारच. वळेल, पण दार वेगळं असेल. अग्निशमन सप्ताह १४ एप्रिललाच का सुरू होतो, हे त्याला विचारा. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकीन नावाचं जहाज पेटलं. जहाजात कापूस होता, स्फोटकं होती आणि सोन्याच्या विटाही होत्या. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे जवान स्फोटात गेले. त्यांच्या आठवणीत हा सप्ताह पाळतात. सोन्याच्या विटांचं पुढे काय झालं, हे शोधायला तो दोन-चार पानं नक्की वाचेल. आणि त्याला हेही सांगा, की देशभरातले अग्निशमन अधिकारी जिथे शिकतात ते राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आपल्या नागपुरात आहे, आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची अकादमीही इथेच. पलंगाखाली बॅग भरून ठेवणाऱ्या मुलाला आपल्याच गावात अशी विद्या शिकवतात हे माहीत असायला हवं. वर्तमानपत्रही आता त्याच्या कामाचं आहे. मे २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं, ती बातमी सगळीकडे फिरली, आणि नंतर हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. शहराचा नोंदलेला उच्चांक २३ मे २०१३ चा, ४७.९ अंश. आधीची बातमी आणि नंतरची दुरुस्ती, दोन्ही त्याला शोधून वाचू द्या.

एवढं सगळं केलं तरी एक गोष्ट या पुस्तकाने होणार नाही. आठवीतल्या मुलाला मन लावून बसल्यावरही जोडाक्षरं सुटत नसतील, अक्षरं उलटसुलट होत असतील, लिहिताना काना-मात्रा सतत गळत असतील, तर तो आळस नव्हे. त्याला अध्ययन अक्षमता असू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, आणि तसं प्रमाणपत्र असेल तर दहावीच्या परीक्षेत जादा वेळ आणि इतर सवलती मिळतात. आठवी म्हणजे हातात दोन वर्षं आहेत. शाळेत मुख्याध्यापकांना भेटून तपासणीसाठी लेखी विनंती करा, तोंडी नको. तपासणीत काही निघालं नाही तर उत्तम. निघालं तर अक्षरओळखीपासून शिकवणारा शिक्षक लागेल, आणि त्या शिकवणीलाही हेच पुस्तक घेऊन जाता येईल.

बॅग पलंगाखालीच राहू द्या. टॉर्चमधले सेल मात्र बाहेर काढून वेगळे ठेवायला सांगा, नाहीतर पाझरून टॉर्च खराब होतो. कागदपत्रांच्या झेरॉक्स दोन प्लॅस्टिक पिशव्यांत, एकीत एक. बिस्किटांची मुदत पाकिटावर लिहिलेली असते, ती त्याने वाचावी. आणि बॅगेच्या वरच्या कप्प्यात त्याच्या अक्षरातली एक चिठ्ठी ठेवावी: ११२, १०८, १०१, जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७, तुमचा नंबर, बाबांचा नंबर, ज्यांच्या गच्चीवर त्या रात्री बसला होतात त्या शेजाऱ्यांचा नंबर, आणि सेल पुन्हा कधी तपासायचे ती तारीख.